अराबाला घरी पोचवताना

"मान सरळ ठेव गं. वाकडं कापलं तर तुझी आई म्हणेल, या बाईला धड केस कापता येत नाहीत."

"म्हणू दे," अराबा म्हणाली. "मग मला परत पाठवेल."

सेनामने कात्री क्षणभर थांबवली. मग पोरीचे केस शाळेच्या नियमाला चालतील इतके बारीक करून टाकले.

चर्चच्या या आश्रमात सेनाम अठरा वर्षं स्वयंपाक करत होती. व्होल्टा या अफाट तळ्यावरच्या कोळ्यांकडून सोडवून आणलेली मुलं इथे राहायची. कुणाला आईबापांनी शाळेच्या आशेने धाडलेलं, कुणाला सरळ विकलेलं. खर्च परदेशातल्या मंडळ्या पाठवायच्या. नियम एकच होता. घर सापडलं आणि तपासून झालं, की मूल घरी. नियम चांगलाच होता. कितीतरी मुलांच्या पिशव्या सेनामने हसतमुखाने भरून दिल्या होत्या.

अराबाचं घर मात्र सापडू नये, अशी प्रार्थना ती चार वर्षं करत होती. आश्रम चालवणाऱ्या पास्टर अमेगांना हे ठाऊक नव्हतं. देवाला होतं, आणि त्याने ऐकलं नव्हतं.

अराबा आली तेव्हा सात वर्षांची होती. त्याआधी दोन वर्षं तिला तळ्याकाठच्या एका घरात मासे धुरावण्याच्या भट्टीपुढे बसवलेलं. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, डोळे सदा लाल. सेनाम चूल पेटवायची तेव्हा ही पोर पार कुंपणापाशी जाऊन बसायची. शेवटी सेनामने पास्टरांशी भांडून स्वयंपाकघरात गॅस आणवला होता.

"तुम्हीच जा तिला सोडायला," पास्टर म्हणाले होते. "पोरगी आईची बोली विसरलीय, आईला आपली येत नाही. मध्ये कुणीतरी हवं ना?"

किनाऱ्याकडच्या मुलांशी बोलून बोलून सेनाम तिकडची फान्टी बोली शिकली होती. तरी तिने विचारून पाहिलं, "दुसरं कुणी नाही?"

"आहेत की. पण ती येईल तुमचाच हात धरून."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी समुद्राकाठच्या गावात पोचल्या. अराबाच्या आईचं, एकुआचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे अंगणात मासे धुरावण्याच्या मातीच्या चार भट्ट्या. चारही पेटलेल्या. घर बघायला सरकारी बाई आल्या तेव्हा हंगाम नव्हता, भट्ट्या गार होत्या. आता तारलीचा हंगाम होता. कुंपणाबाहेरूनच डोळे चुरचुरत होते.

अराबा फाटकातच थांबली. सेनामची बोटं तिने इतकी घट्ट धरली की हाडं दुखली.

एकुआ धावत आली नाही. कमरेच्या कापडाला ती हात पुसत राहिली.

"मोठी झाली," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" अराबाने विचारलं.

"मोठी झालीस म्हणते."

"तिला सांग, मला नाही राहायचं इथं. धूर आहे."

सेनामने एक शब्द न गाळता सांगितलं. जरा चढ्या आवाजातच सांगितलं. पोरीच्या बाह्या वर सारून हातही दाखवले.

एकुआ ते डाग बघत उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, तिला सांगा, तळ्याकडची एक बाई आली, शाळेत घालते म्हणाली, म्हणून पाठवली. मीच खुळी. वरीस झालं तरी निरोप नाही, तेव्हा शोधायला गेले. दोनदा गेले तळ्यावर. गावंच्या गावं विचारली. पाणी संपेचना."

सेनामने पोरीच्या बाह्या पुन्हा खाली ओढल्या.

"काय म्हणाली?" अराबाने हात ओढला.

"काही नाही. प्रवास कसा झाला, विचारते."

इंजेक्शन दुखेल का, असं मुलांनी विचारलं तरी 'दुखेल' म्हणणारी बाई सेनाम.

एकुआला वाटलं, सेनामने सांगितलं, लेकीने ऐकलं आणि तोंड फिरवलं. तिने मान हलवली. "बरोबर आहे तिचं," म्हणाली, आणि पहिल्या भट्टीकडे गेली. मासे पसरलेल्या तारेच्या जाळ्या तिने उचलून बाजूला ठेवल्या, वाळूने घमेलं भरलं आणि विस्तवावर ओतलं. मग दुसरी भट्टी.

शेजारीण कुंपणावरून ओरडली, "एकुआ! डोकं फिरलं का गं? ऐन हंगामाचा माल तो!"

"दिसतंय मला."

"मग खाशील काय?"

"मीठ लावून वाळवीन."

"खारवलेल्याला कोण विचारतंय इथं?"

"तू नको विचारूस, म्हणजे झालं."

तिसरी विझली. चौथीवर वाळू पडताच राखेचा लोट उठला आणि एकुआ खोकत खाली बसली.

सेनाम अराबासमोर उकिडवी बसली. "मघाशी मी खोटं बोलले," ती म्हणाली, आणि एकुआचं सगळं बोलणं तिने सांगितलं. शाळेचं, निरोपाचं, दोन फेऱ्यांचं.

अराबाने विझलेल्या भट्ट्यांकडे पाहिलं.

"मग मी सापडले का नाही?"

"पाणी फार मोठं होतं म्हणते."

"मोठंच आहे," अराबा म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

"तुला परत न्यायचं होतं म्हणून."

मग सेनामने एकुआलाही कबूल केलं. एकुआ रागावली असेलही. पण तिने मिठाचं पोतं पुढे ओढलं. "ऊन उतरायच्या आत उरकायला पाहिजे, ताई. सुरी घ्या."

कच्चे मासे चिरून, मीठ चोळून दोघी पसरत गेल्या. धूर विरळ झाला तशी अराबा फाटकातून आत आली, दोघींपासून सारखंच अंतर राखून बसली. एकुआने मिठाकडे बोट दाखवून आपल्या बोलीतला शब्द उच्चारला. अराबाने तो चुकीचा म्हटला. एकुआला हसू फुटलं. तिने पुन्हा सांगितला. सेनामने मध्ये तोंड उघडलं नाही.

निघताना डोळ्यांच्या औषधाची बाटली देऊन तिने दोनदा बजावलं. सरकारी बाई महिन्याने येऊन बघतील, हेही सांगितलं. वाटेतली माणसं भरत जाणारी वडापची गाडी आली तेव्हा अराबाचे हात मिठाने माखलेले होते. तिने नुसतं कोपर उंचावून निरोप दिला.

गाडीत शेजारच्या बाईने नाक मुरडलं. "मासळी घेतली वाटतं?"

"नाही. साफ करत होते."

"इथं कोण असतं तुमचं?"

सेनामच्या बोटांना काट्यांनी चिरा पडल्या होत्या, त्यांत मीठ झोंबत होतं. तिने हात खिडकीबाहेर वाऱ्याला धरले.

"माझ्या मुलीची आई," ती म्हणाली.