डावी पोटरी

आयर्लंडमधल्या डंडॉकच्या जोडघरात स्वानंदी आणि रुपेश राहायला आले, त्याच आठवड्यात शेजारच्या बर्नीने एक नियम घालून दिला. सकाळी आठला ती मधल्या भिंतीवर दोनदा ठोकणार, म्हणजे ती उठली आणि ठीक आहे. स्वानंदीने उलट दोनदा ठोकायचं. बर्नी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी. मुलगा डोनल देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ट्रलीला शाळेत शिकवायचा.

२०२०च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊन लागल्यावर, स्वानंदी बर्नीचं सामान आणून तिच्या दारात ठेवायची आणि मागे सरून उभी राहायची. एका गुरुवारी बर्नी झगा घालूनच दारात आली. तिची डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच सुजली होती. लालसर, कातडी ताणलेली. स्वानंदीने ते पाहिलं. तिचा जन्म ओहायोचा, पासपोर्ट अमेरिकेचा, म्हणून पुण्यात बारावी करून ती जीवशास्त्र शिकायला तिकडेच गेली होती. पुढे मेडिकलला जायची हिंमत झाली नाही. आयर्लंडला येऊन तिने डेटा अ‍ॅनालिटिक्स केलं, नोकरी धरली. पण अशा एकाच सुजलेल्या पायाचा अर्थ काय असू शकतो, हे तिला अर्धवट का होईना ठाऊक होतं.

विचारावं असं वाटलं. तेवढ्यात मीटिंगसाठी फोन वाजला.

“मी ग्रँड आहे गं, एकदम ठीक,” बर्नी म्हणाली, “तू जा आपली.”

आणि स्वानंदी गेली.

शनिवारी भिंत वाजली नाही. बर्नीने त्यांच्याकडे ठेवलेल्या जादा किल्लीने रुपेशने दार उघडलं, तेव्हा बर्नी स्वयंपाकघरात, कपबशांच्या कपाटापाशी जमिनीवर पडलेली होती. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती, असं नंतर कळलं. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी. गल्लीतले सगळे फुटपाथवर अंतर ठेवून उभे राहिले, आणि गाडी त्यांच्यासमोरून हळूहळू निघून गेली.

त्यानंतरच्या सोमवारी, बरोबर आठला, भिंतीवर दोनदा वाजलं.

“ऐकलंस?” स्वानंदीने विचारलं.

“मला नाही आलं ऐकू. पाइप असतील गं,” रुपेश म्हणाला.

पलीकडच्या घरातला पाणी तापवायचा बॉयलर तिने स्वतःच्या हाताने बंद केला होता.

रोज नाही, पण वाजायचं. रुपेशला कधीच ऐकू आलं नाही. एकदा तिने उलट ठोकून पाहिलं. पलीकडून काहीच आलं नाही, आणि दिवसभर तिला त्या घराकडे बघवलं नाही.

“तू डॉक्टर नव्हतीस,” रुपेश तिला समजवायचा.

“म्हणूनच,” ती एकदा म्हणाली, “आता व्हायचंय.”

पस्तिसाव्या वर्षी! रुपेश हसला नाही, एवढं बरं. तिने माहिती काढली. अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांत माणूस पूर्ण डॉक्टरच होतो, शिवाय हाताने चाचपून तपासण्याचं वेगळं शिक्षण मिळतं. दुसरं काम सोडून आलेल्या मोठ्या वयाच्या लोकांकडे बघून तिथे फारसं कुणी नाक मुरडत नाही. वर्षभर नोकरी सांभाळून तिने प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला. मार्क चांगले पडले.

अडलं ते प्रवेशअर्जासोबतच्या निबंधावर. डॉक्टर का व्हायचंय? तिने बर्नीबद्दल लिहिलं: शेजारधर्म, लॉकडाऊन, अचानक आलेला मृत्यू. रुपेश म्हणाला, “मस्त झालंय.” पोटरीचा त्यात उल्लेखच नव्हता. वाचताना तिला शिसारी आली. ते खोडून तिने खरं लिहिलं, आणि मग लक्षात आलं, हे आधी डोनलला सांगायला हवं.

जिल्ह्याबाहेर जायला परवानगी मिळाल्यावर, २०२१च्या मेअखेर, ती ट्रलीला गेली. शाळेमागच्या बाकाच्या दोन टोकांना ते बसले. एका दमात तिने सगळं सांगून टाकलं. डोनलने मास्क हनुवटीखाली ओढला. पन्नाशीचा माणूस, बर्नीसारखेच फिकट डोळे.

“मलाही तिने पाय दाखवला होता,” तो म्हणाला. “बुधवारी, व्हिडिओ कॉलवर. मी म्हटलं, स्टुलावर ठेव पाय. वह्या तपासत होतो मी.”

मग तो तिच्याकडे वळला.

“आता तुला येतं ना थोडंफार? काय विचारायला हवं होतं तिला?”

“राहू दे, डोनल.”

“नाही. विचार.”

तेव्हा स्वानंदीने विचारलं, हळू आवाजात. दुसरा पाय असाच आहे का? हात लावल्यावर गरम लागतो? कधीपासून? जिना चढताना धाप लागते?

“लागते,” डोनल म्हणाला, “मंगळवारपासून,” आणि त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. स्वानंदी बाकावरून सरकत त्याच्याजवळ गेली. वर्षभरात घराबाहेरच्या माणसाला तिने हात लावला नव्हता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“लिही सगळं,” निघताना तो म्हणाला. “माझंही लिही.”

त्याचं तिने लिहिलं नाही, फक्त स्वतःचं लिहिलं. घरी परतल्यावर भिंत गप्प होईल अशी तिला आशा होती. झाली नाही. आठला वाजलं की ती आता उलट ठोकायची आणि पुस्तक उघडायची.

दोन कॉलेजांनी नकार कळवला. तिसऱ्याने ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन मुलाखत घेतली. पडद्यावरच्या वयस्कर डॉक्टरबाईंनी चष्मा काढून विचारलं, “तुमच्या शेजारीणबाई वाचल्या असत्या, तर तुम्ही आज इथे असता?”

“नाही,” स्वानंदी म्हणाली. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

डिसेंबरात प्रवेश मिळाल्याची ईमेल आली. रुपेशने दुधाच्या पावडरचे पेढे केले, पुण्याला फोन लावला.

“तोंड गोड केलंस का गं?” आईने विचारलं.

“हो आई,” स्वानंदी म्हणाली. पेढा अजून तिच्या हातातच होता, आणि नजर मधल्या भिंतीवर.