तीन काळजांचा प्राणी

पुंजा पिंपळगावची द्राक्षं टेम्पोनं मुंबईला पोचवायचा. पेट्यांत घालायच्या रद्दीत काही अजब वाचायला मिळालं, की घरी येऊन बायकोला सांगायचा. मधमाशीला पाच डोळे असतात. मिरची मूळची आपली नव्हे, पोर्तुगीजांनी जहाजातून आणली. लंकाबाई तेव्हा ठेचा वाटत होती. "मग त्याआधी माणसं भाकर कशासंग खायची?" तिनं विचारलं, आणि पुंजाला हसू आवरेना. सांगण्यापेक्षा तिचं तोंड बघण्यातच त्याला मौज वाटे.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत गाडी काढता काढता तो म्हणाला, "तीन काळजं असतात असा प्राणी कोणता?"

"असला कुठं प्राणी असतो का?"

"हाय. इचार कर. आल्यावर सांगतो."

कसाऱ्याच्या घाटात टेम्पो उलटला. पुंजा जागीच गेला.

दहाव्याला लंकाबाई रडता रडता त्याचं ते कोडं बोलून गेली. पुंजाचा मित्र यादव उत्तर सांगायला पुढं सरकला, तसं तिनं त्याला हातानंच थांबवलं. "नका सांगू, भाऊ. ते येऊन सांगणार होते."

पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. लंकाबाई द्राक्षं निवडायच्या कामाला जाऊ लागली. पदरात आठ वर्षांची दिशा होती. उत्तर कळत नाही तोवर नवऱ्याचं आपल्याशी काहीतरी बोलायचं राहिलंय, असं तिला वाटे, आणि त्या आधारावर तिचे दिवस निघत.

दिशा बारावी झाली, नर्सिंग शिकायला नाशिकला निघाली. आदल्या संध्याकाळी बॅग भरताना लंकाबाईच म्हणाली, "दिशे, तू एवढी शिकलीस. तो तीन काळजांचा प्राणी कोणता गं? सांग आता."

दिशाच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. "ऑक्टोपस. समुद्रात असतो, आठ हातांचा."

"शाळेत शिकवलं?"

"नाय. आप्पांनी सांगितलं होतं. त्याच दिवशी, तू डबा भरत होतीस तेव्हा. म्हणले, आईला सांगू नको, तिचं तोंड मला बघायचंय."

लंकाबाईला आधी रागच आला. मग दहाव्याच्या दिवशी भिंतीला टेकून ओठ मिटून बसलेली पोर तिच्या डोळ्यांपुढं आली. सगळे म्हणत होते, लहान आहे, तिला काय कळतंय.

"एवढी वर्षं एकटीनं धरून ठेवलंस?"

"सांगितलं तर आप्पा रागावतील असं वाटायचं. मोठी झाले, मग वाटायचं तू रडशील."

लंकाबाईनं तिला जवळ ओढलं. "कसं म्हणले ते? म्हणून दाखव ना."

दिशानं दोनदा तोंड उघडलं. "आवाज आठवत नाय गं, आई. शब्द तेवढे राहिलेत."

तेव्हा लंकाबाईच लेकीला त्याच्यासारखं बोलून दाखवू लागली, घोगरं, शेवटचा शब्द लांबवत. दोघी अर्ध्या भरल्या बॅगेपाशी तशाच बसून राहिल्या.