गाडी बिघडवायची पाळी

आमच्याकडे गाडी रोज सकाळी साडेआठला बिघडते. आपोआप नाही, आम्ही बिघडवतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाळ्या लिहिल्या आहेत : एक दिवस आई, एक दिवस मी. रविवारी गाडीला सुट्टी.

हे सगळं बाबांसाठी. त्यांनी चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची आठवण जायला लागली. आधी चष्मा गेला, मग रस्ते, मग माझं नाव. मला ते 'अरे हा' म्हणतात, मी ओ देतो. पण एकदा गाडीचा फ्यूज खरोखरच उडाला, आणि बाबांनी तो दहा मिनिटांत शोधून काढला. त्या दुपारी त्यांनी आईला तिच्या नावानं हाक मारली. दुसऱ्या दिवशी आईनं फ्यूज काढून साखरेच्या डब्यात ठेवला.

बाबांची पद्धत ठरलेली. हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. लाइट मंदावला तर घोळ बॅटरीत किंवा तिच्या तारांत. लाइट लख्ख आणि सेल्फ गप्प, तर पुढे जायचं. मग टेस्ट लॅम्पचं एक टोक गाडीच्या पत्र्याला लावून दुसरं एकेका वायरीला टोचत जायचं. "करंट कुठे हरवला ते विचारू नये, कुठपर्यंत पोचला ते विचारावं," असं ते मला सांगायचे. मला, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्याला.

सुरुवातीला आम्ही अवघड बिघाड करायचो. सेल्फला करंट सोडणाऱ्या रिलेच्या डबीच्या पायांना नेलपॉलिश लावायचो, म्हणजे करंट अडतो आणि दिसत काही नाही. आईनं आयुष्यात पहिल्यांदा नेलपॉलिश घेतलं ते गाडीसाठी. पुढे पुढे बिघाड सोपे करावे लागले. हल्ली मी सरळ रिलेच उपसून खिशात टाकतो, आणि आई बॅटरीचं टर्मिनल सैल करते.

त्या गुरुवारी बाबांनी बॉनेट उघडलं. टर्मिनल हलत होतं. त्यांनी पाना घेऊन ते आवळलं, आत बसून किल्ली फिरवली. लाइट लख्ख, सेल्फ गप्प.

खिडकीत आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू काही केलंस?"

"रिले काढलाय. पाळी माझी आहे."

"अरे, रात्री सांगितलं ना, उद्या मी करते, तू झोप. हं म्हणालास की!"

"मी झोपेत हं म्हणालो."

"मग झोपेतच रिले काढायचास!"

बाहेर बाबा पुन्हा बॅटरीपाशी गेले होते. मघाशी आवळलेलं त्यांच्या लक्षात नव्हतं. टर्मिनल घट्ट. किल्ली फिरवली. गप्प. पुन्हा बॅटरी. पाचव्या फेरीला पाना हातातून पडला. मी बाहेर पळालो.

"बाबा, मी बघू?"

"तुला काय कळतंय? कागदाचे कागद करणारा तू."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. मी कोण ते त्यांना माहीत होतं. दोन फेऱ्यांनंतर तेही गेलं. त्यांनी हात पुसले, पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "साहेब, गाडी दुसरीकडे न्या. मला नाही जमत आता."

मग मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, बाबा, एक बिघाड आईनं केला होता, दुसरा मी. तुम्हाला एक सापडला. आम्ही रोज मुद्दाम करतो.

ते हसले, शोरूममधला माणूस गिऱ्हाइकाशी हसतो तसे. "घरचेच रोज सकाळी उठून गाडी बिघडवतात? साहेब, माझी समजूत काढायला काहीतरी बरं शोधा."

त्यानंतर ते गाडीपाशी गेले नाहीत. आई मात्र आपल्या पाळीला टर्मिनल सैल करायची, माझ्याही पाळीला करायची. आठव्या दिवशी बाबांनीच खुर्चीतून किल्ली फिरवल्यासारखा हात केला आणि म्हणाले, "ती गाडी चालू होत नाही म्हणतात. कुणी मिस्त्री बोलवा."

आईनं त्यांचा कामाचा निळा डगला मला घातला, बटणं लावली आणि मागच्या दारानं बाहेर ढकललं. मी वळसा घालून फाटकातून आलो. डगला खांद्यात दोन बोटं मोठा होता.

बाबांनी स्वतः मला गाडीपाशी नेलं. मी वाकलो. ते शेजारी हात मागे बांधून उभे राहिले, गिऱ्हाईक राहतं तसे.

"पोरगेले दिसता. कुणाकडे शिकलात?"

"वडिलांकडे."

"ते हेच काम करतात?"

"करायचे. चाळीस वर्षं."

"अरे वा." त्यांनी बॅटरीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. "मग त्यांनाच घेऊन यायचं होतं ना. चाललं असतं की."

"म्हटलं होतं त्यांना," मी म्हणालो. "नाही आले."