नाव काढलं

उमाटे सरांनी एका मनोविकार दवाखान्याच्या रुग्णांची माहिती संशोधनासाठी इंटरनेटवर खुली केली. मी त्यांची विद्यार्थिनी. म्हटलं, "सर, यात माझी आई ओळखू येते."

"नाव काढलंय ना? मग झालं!"

'गाव सिंदी मेघे, विधवा, वांगी विकते, भास होतात.' आता नाव कशाला पाहिजे? आईचं गिऱ्हाईकच तुटलं. ती म्हणे, "रीता, लोक माह्या वांग्याले हात काऊन लावून नाई राह्यले?"

मग मी पीएचडी त्यावरच केली: नाव नसलेल्या माहितीतून माणूस कसा सापडतो. परवा भर सभागृहात सरांच्याच त्या माहितीतली दुसरी ओळ पडद्यावर टाकली. 'सावंगी रस्ता, संगणकाचे प्राध्यापक, वय अठ्ठावन्न, बायको जेवणात विष घालते असा संशय.' आपणही त्याच दवाखान्यात जातो, हे सर विसरले होते. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या मिसेस ताडकन उठून निघून गेल्या. सरांसाठी आणलेला डबा खुर्चीवरच राहिला.

घरी आले तर आई म्हणाली, "लोक म्हणून राह्यले, पोरीनं नाव काढलं."

"नाई माय. मी तं सरांचं नावही काढलं नाई."