हेमलाच्या नावाची नोटीस

वाशीमच्या कोर्टासमोर संघपालचं जाहीर नोटिसा छापून देण्याचं दुकान होतं. हरवलेले कागद, तुटलेली लग्नं, बदललेली नावं, सगळं तो पेपरात आणि ई-पेपरात टाकायचा आणि विसरून जायचा. नोटीस वाचतं कोण? कायद्याची समजूत पटली की झालं, असं त्याचं मत.

मानोऱ्याकडच्या तांड्यावरची जमनाबाई आली आणि त्याची पंचाईत झाली. तिचा नवरा हेमला ऊसतोडीला गेला, त्याला सात वर्षं उलटली. त्याला मृत ठरवावं म्हणून पोराने दावा लावला होता. हेमलाने हजर व्हावं, नाहीतर तो मेला असं धरू, ही नोटीस संघपालनेच छापून आणली होती. बाईला ऐकू कमी यायचं. त्याने ओरडून वाचून दाखवली, मोबाइलवर जगात कुठंही दिसते म्हणून सांगितलं.

"त्याले वाचता कुठी येते, भाऊ?" ती म्हणाली. "त्याले हाक मारून सांग. मेलेलं माणूस ओ देत नाई."

त्याशिवाय ती कोर्टात अंगठा द्यायला तयार नव्हती. भुताखेतांवर संघपालचा काडीचा विश्वास नव्हता. बला टळेल म्हणून तो दिवस कलताना तिच्यासोबत तांड्याच्या शिवेवर गेला. सोयाबीन निघालेलं, रान उघडंबोडकं, ससा लपायलाही जागा नव्हती. मनात हसत त्याने नोटीस वाचली आणि हेमलाला हाका मारल्या. पहिली गेली, दुसरी गेली. तिसऱ्या हाकेला रिकाम्या रानातून ओ आली. थकलेल्या माणसाची, स्पष्ट.

जमनाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"पोराले जमीन पायजे, तो खोटं बोलन," ती म्हणाली. "तू काहून बोलशीन? म्हणून तुले आणलं. देल्ली का त्यानं ओ?"

होय म्हटलं तर ही बाई उरलेला जन्म या शिवेवर बसून काढेल. त्याला तिची दया आली, आणि दयेपेक्षा भीती जास्त वाटली. त्याने नकारार्थी मान हलवली.

बाई खाली बसली. केसांत लोंबणारी चांदीची घुगरी, तिचं सौभाग्याचं लेणं, तिने सोडवून ओटीत टाकली.

तिच्या मागून पुन्हा ओ आली, अगदी जवळून. आता कोणी हाक मारली नव्हती. संघपाल जागीच थिजला, आणि जमनाबाई शांतपणे दुसरी घुगरी सोडवत राहिली.