कंपनीची वाटणी

‘वाटणी’ हा शब्द कानावर पडला की विठ्ठलरावांचं टाळकं सरकायचं. थोरला अंगद अपघातात गेला आणि वर्षाच्या आत सून वनमालानं केजच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला. तेव्हापासून ते तिच्याशी बोलायचे ते टोचायलाच.

अंगदचा लॅपटॉप भरला, नवीन काही घेईना, म्हणून ते तो अजिनाथच्या दुकानात घेऊन गेले. मागोमाग वनमाला धापा टाकत आली.

अजिनाथनं पडद्यावर बोट ठेवलं. “मालक, डिस्कचा हा भाग तुमचा. हा दुसरा कंपनीनं ठिवलेला, बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी. रिकव्हरी पार्टिशन.”

“पार्टिशन म्हंजे वाटणीच की बे! लॅपटॉप माझा, अन् कंपनीची वाटणी कावून? उडव.”

“मामा, नका,” वनमाला म्हणाली. “त्यात यांचा आवाज हाय. फोनमधलं मीच तिथं ठिवलंय. बाकीच्या जागेतलं घरातली पोरं पुसत्यात, तिथं कुणी हात लावत न्हाई. दुसरीकडं कुठंच न्हाई.”

विठ्ठलराव हसले. असलं हसू दुष्मनाच्याही वाट्याला येऊ नये. “कंपनीच्या वाटणीत माझं पोरगं कसं बसंल? लई हुशार! जिथं तिथं हिला वाटणी पायजे.”

“मालक, फायली दिसत्यात खऱ्या. एकदा ऐकून तरी...”

“दुकान चालवायचंय का न्हाई?”

अजिनाथ काही शूर नव्हता. त्यानं तो भाग पुसला आणि मोकळी जागा पहिल्या भागाला जोडली. “परत आणता येतंय का?” विठ्ठलरावांनी विचारलं. कदाचित येईल, असं ऐकल्यावर ते कायमचं जावं म्हणून त्यांनी पुतण्याच्या लग्नाचं सगळं शूटिंग वरून कोंबायला लावलं. सून रडत उभी होती आणि हे चहा पीत होते.

घरी आल्यावर चपला काढतात तोच त्यांची बायको छबुबाई आतून आल्या, सुनेजवळ जमिनीवर बसल्या. “आज उशीर केलास गं. लाव अंगदला.”

“रोज ऐकतीस?” विठ्ठलरावांनी विचारलं.

“तुमी शेतात गेल्यावर. तुमाला कळलं तर हिच्याकडून काढून घ्याल, म्हणून बोलले न्हाई. ‘आई, आलोच’ म्हणतंय ना ते... तेवढं ऐकलं की घास उतरतो.”

वनमालानं लॅपटॉप उघडून सासऱ्यांसमोर सरकवला.

“आत्या, आजपासून मामा लावत्याल.”

छबुबाईंचा चेहरा उजळला. त्या नवऱ्याकडं सरकून बसल्या.

“लावा की,” त्या म्हणाल्या.