बोल्टांना पाणी

माझी मोटरसायकल खडखडते, हे आधी शेजारणीने सांगितलं, मग सासूबाईंनी, आणि शेवटी मामांनी. मी सासऱ्यांना मामा म्हणते. मारुतराव मामा एरवी तोंड उघडतात ते चहासाठी. ते माझ्या गाडीवर बोलले म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

"लई खडखडतीया," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

ही गाडी मी लग्नाआधी घेतलेली. माझं माहेर लातूरचं, नोकरी चाकणच्या कंपनीत. लग्न होऊन पिंपळे गुरवच्या या घरात आले ती तिच्यावरच बसून आले म्हणायला हरकत नाही. सासूबाईंना, म्हणजे रुक्मिणी आत्यांना, ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपते. सुनेने स्कूटर चालवावी, तीही हळू, असं त्यांचं मत. आता त्यांना निमित्तच मिळालं.

"काढून टाका ती, आन् पोरीला चांगली स्कूटर घ्या," त्या म्हणाल्या. माझा नवरा रविराज नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात ठेवून गप्प. मामा म्हणाले, "रविवारी बघू." आमच्या घरात मामांचं 'बघू' म्हणजे कोर्टाची तारीख. त्या दिवशी जे म्हणतील ते होणार, त्यावर अपील नाही.

मला ती गाडी द्यायची नव्हती. तिच्यावर बसले की मी कोणाची सून नसते, कोणाची बायको नसते, नुसती अपेक्षा असते, आईबापांनी नाव ठेवलं ती. एवढंच आहे, पण ते माझं आहे.

मी शोध घेतला. खडखडत होतं ते बाजूचं प्लास्टिकचं कव्हर, फेअरिंग. चाकणच्या रस्त्यावरच्या चिखलाने त्याचे बोल्ट गंजून गेलेले, दोन तर कुठेतरी गळूनच पडलेले. दापोडीच्या दुकानात गेले. दुकानदार चकचकीत स्टीलचे बोल्ट पुढे करत होता. ते गंजत नाहीत हे खरं, पण माझ्या गाडीच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांत ते धरून बसतात, पुन्हा निघता निघत नाहीत. शिवाय लांबीला जास्त, आतल्या वायरीला टोचले असते. बरोबर मापाचे मिळाले ते कोऱ्या लोखंडाचे होते. कोरा बोल्ट चाकणला एक पावसाळा काढणार नाही. म्हणून घरी येऊन भोसरीच्या धम्मरत्नला फोन केला. तो माझा जुना सहकारी, आता त्याचं स्वतःचं प्लेटिंगचं वर्कशॉप आहे.

"बोल्ट आणलेत रे. रविवारी घेऊन येते. पाणी देऊन हवंय, चांगलं दे."

पाणी म्हणजे जस्ताचा मुलामा. खोट्या बांगड्यांना सोन्याचं पाणी असतं ना, तसं. मामा ओसरीवर पेपर वाचत होते.

शनिवारी कामावरून आले तर वाटीतले बोल्ट गायब. मी घर डोक्यावर घेतलं. आत्यांवर संशय घेतला, तोंडाने नाही, पण भांडी आपटून. तेवढ्यात मामा फाटकातून आत आले, अंगाला धुराचा वास, हातात कागदाची पुडी.

"घे. दिलं पाणी."

पुडीत माझे बोल्ट. काळपट, खवले धरलेले. मामा बसने देहूला गेले होते, ओळखीच्या लोहाराकडे. भट्टीत लालभडक करून पाण्यात बुडवले होते, विळ्याला देतात तसं पाणी. अख्खी दुपार तिथे बसून होते म्हणे, लोहाराने घाई करू नये म्हणून.

"आता झिजायचं नाव न्हाई," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना स्वतःवर खूश झालेलं पाहिलं.

राग आला होता, अगदी डोक्यापर्यंत आला होता, आणि तो काढायला जागा नव्हती. एक बोल्ट नटात घालून पाना फिरवला. टिचकन आवाज झाला आणि डोकं तुटून फरशीवर पडलं. दुसऱ्याचंही तेच.

मामा वाकून ते डोकं बघत राहिले.

"पाणी जास्ती झालं व्हय?"

रविराज फस्सकन हसला. मग मलाही आवरेना. हसत हसत मी माझं पाणी कोणतं ते सांगितलं.

"असं व्हय," मामा म्हणाले. "आमच्यात पाणी द्यायचं ते धारंला. तुमच्यात फसवायला."

"गंजाला फसवायला, मामा."

ते त्यांना पटलं असावं, कारण रात्री जेवताना त्यांनी दोनदा मान हलवली.

रविवारी सकाळी मी निघाले तर मामा फाटकात उभे. टोपी खिशात, डोक्यावर रविराजचं हेल्मेट. "चल. तुझं पाणी बघू दे कसं असतंय."

फेअरिंग काढूनच ठेवलं होतं, त्यामुळे गाडी मुकाट चालली. वाटेत दापोडीला पुन्हा कोरे बोल्ट घेतले. मामांनी एकेक उचलून बियाणं निवडावं तसे आटे तपासले, दोन दुकानदाराला परत केले. भोसरीला धम्मरत्न म्हणाला, एवढ्याशा बोल्टांसाठी मुलाम्याचं पिंप फिरवत नाही, दुसऱ्याच्या मालात टाकतो, मंगळवारी न्या. मामा त्या फिरत्या पिंपासमोर हात मागे बांधून उभे होते. माझं तीनदा "चला" म्हणून झालं, तेव्हा निघाले.

घरी आलो तर आत्या दारातच. रविवार होता, तारीख होती.

"मग? स्कूटर कधी बघायची?"

मामांनी सावकाश हेल्मेट काढलं, टोपी झटकून घातली.

"स्कूटर कशाला? मंगळवारी बोल्ट आणाया जायाचंय आमाला."

आमाला, म्हणाले. मी माझं हेल्मेट बराच वेळ काढलंच नाही. रडत होते, आणि आत्यांना ते दाखवायचं नव्हतं.